भाऊबीजेचा पिच्चर

त्या पिच्चरला नाव होतं, पडद्यावर ते मोठ्या अक्षरांत यायचंही. पण शाहूपुरीत त्याला नावानं कुणी ओळखत नसे. दर दिवाळीला टॉकीजवाला ती जुनी काळी-पांढरी रिळं बाहेर काढायचा आणि गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "भाऊबीजेचा पिच्चर लागला." बायडाबाईला भाऊ नव्हता. भाऊ नसलेल्या बाया चंद्राला ओवाळतात. ही पडद्यावरच्या हिरोला ओवाळायची. तशी ती एकटी नव्हती. लेडीज क्लासात अशा बऱ्याच जणी असायच्या. पूर्वी त्या निरांजनं पेटवायच्या, पण एकदा कुणाच्या तरी निरांजनानं खुर्ची पेटली आणि मॅनेजर असा काही कडाडला, की तेव्हापासून सुपारी ओवाळून अक्षता टाकण्यावर भागवायला लागलं. चंद्र कुठं जवळ येतो? तरी त्याला चालतं, मग हिरोला न चालायला काय झालं!

त्यातला तो प्रसंग बायडाबाईला तोंडपाठ होता. भाऊ बैलगाडीतून बहिणीच्या सासरी येतो. ती ताट वाढते. वाढताना तिच्या दंडावरचा वळ दिसतो, तशी ती चटकन पदर ओढते आणि हसते. "दादा, मी सुखात आहे. तू पोटभर जेव." भाऊ करंजी खातो, ओवाळणी घालतो, डोळे पुसतो आणि निघून जातो. इथं अख्खा लेडीज क्लास हुंदके द्यायचा. काय ती बहीण, काय तिची माया! आपल्या एकुलत्या लेकीला, शालनला, बायडाबाईनं मांडीवर बसवून हे दाखवलं होतं. एवढीशी शालन घरी पाट मांडायची, बाहुलीला वाढायची आणि म्हणायची, "दादा, मी सुखात आहे." बायडाबाई कौतुकानं तिची दृष्ट काढायची.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीला शालन आपल्या लहानग्या पिंकीला घेऊन मुरगूडहून माहेरी आली. नरकचतुर्दशीच्या पहाटे बायडाबाई तिला तेल लावायला बसली, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, मी लावून घेते." तरी बायडाबाईनं पाठीवरचा पदर बाजूला केला. पाठभर कमरेच्या पट्ट्याचे काळेनिळे वळ होते. बायडाबाईनं तेलाची वाटी खाली ठेवली. मग उठली आणि न्हाणीतल्या बंबात लाकूड घालायला गेली. बंब चांगला पेटलेला होता.

नवरा गेल्यावर गुळाच्या अडतीवर राबून तिनं लेकीचं लग्न लावून दिलं होतं. आता विचारलं तर ऐकावं लागणार, आणि ऐकलं तर काहीतरी करावं लागणार. ती भ्याली. सरळ सांगायचं तर भ्याली. पाडव्याला जावई जोतीराम आला, ओवाळून घेतलं, चांगला ताव मारून जेवला. जाताना पिंकीला काखेत मारून म्हणाला, "हिला म्होरं न्हेतो. तू भाऊबीज करून ये." शालननं आईकडं बघितलं. आई जावयाच्या पिशवीत चिवड्याचा पुडा ठेवत होती.

भाऊबीजेला दोघी मॅटिनीला बसल्या. संध्याकाळच्या गाडीनं शालन जायची होती. मागच्या रांगेत कॉलेजच्या पोरी शेंगा फोडत खिदळत होत्या. पडद्यावर भाऊ जेवायला बसला, बहिणीनं पदर ओढला, आणि मागून एक जण मोठ्यानं म्हणाली, "अगं, त्यानं बघितलं की! बघितलं आणि करंजी खातोय बघ!"

"गप बसा की गं भवान्यांनो," पुढच्या बायका चिडल्या.

बायडाबाई मात्र पडद्याकडं बघत राहिली. खरंच, त्यानं बघितलं होतं. इतकी वर्षं ती बहिणीच्या तोंडाकडं बघून रडत आली. भावाच्या डोळ्यांकडं आज पहिल्यांदा बघत होती. ते डोळे वळावर गेले, थांबले आणि ताटात उतरले. ह्याला आपण ओवाळत आलो! तिला त्याचा असा संताप आला, की मूठभर अक्षता तोंडावर फेकून माराव्यात. आणि त्याच क्षणी तिला बंब आठवला. शेजारी शालन सुपारी ओवाळत होती, लहानपणी आईनं शिकवलं होतं तशीच.

एस.टी. स्टँडवर बायडाबाईनं लेकीचा हात धरला. "शालन, जाऊ नगंस. मी बघितलीया तुझी पाठ."

"ठावं हाय की मला."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू बोलशील म्हणून वाट बघितली. पाडव्यापतूर बघितली." शालनच्या बोलण्यात राग नव्हता, राग असता तर बायडाबाईला बरं वाटलं असतं. "पिंकी जवळ हुती तवर ऱ्हायले असते गं. आता कशी ऱ्हाऊ?"

"चल, दोघी जाऊ. घिऊन येऊ तिला."

"देतील व्हय? आन् तू आलीस, तर तू गेल्यावर मलाच भोगायचं."

मुरगूडची गाडी लागली. शालनला खिडकीजवळ जागा मिळाली. तिनं पाठीवरून पदर घट्ट ओढून घेतला आणि आईकडं बघून हसली. "मी सुखात हाय, आई. घरी जाऊन पोटभर जेव."

गाडी हलली. तेव्हा कुठं बायडाबाईला कंठ फुटला. "थांबवा की रं गाडी! माझ्या लेकीला मारत्यात! पट्ट्यानं मारत्यात!" ती गाडीमागं धावली, पदरात उरलेल्या अक्षता वाटभर सांडल्या. गाडी स्टँडाबाहेर वळून गेली. फलाटावरच्या साऱ्यांनी तिच्याकडं बघितलं. मग ज्यानं त्यानं आपापली पिशवी उचलली आणि नजर फिरवली.