पांघरुणाखालचा पाय

सुधारणा करायची ठरली, की कुठल्याही संस्थेत आधी यादी होते. सुधारणा मागाहून, जमलं तर. या इस्पितळातही तसंच झालं. एका सोमवारी मेट्रनबाईंच्या टेबलावर एकोणीस नावांची यादी आली आणि तिच्या तळाशी त्यांच्या सहीसाठी ऐसपैस जागा सोडलेली होती.

एकोणीसही जणी सहायक परिचारिका. नर्सिंगचा पूर्ण अभ्यासक्रम केलेल्या नोंदणीकृत परिचारिकांना इस्पितळात ‘मोठ्या सिस्टर’ म्हणत आणि थोडक्या शिक्षणावर लागलेल्या या सहायकांना ‘छोट्या सिस्टर’. त्यामुळे मोठी सिस्टर तेवीस वर्षांची आणि छोटी सिस्टर छप्पन्न वर्षांची, असा देखावा वॉर्डावॉर्डांत दिसे आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे. अंग पुसणं, कूस बदलणं, भांडं देणं, ताप बघणं हे छोट्यांकडे. औषधं, इंजेक्शनं, सलाइन आणि डॉक्टरांची बोलणी हे मोठ्यांकडे.

यापुढे छोट्या नकोत, सगळ्या मोठ्याच हव्यात, असं व्यवस्थापनाने ठरवलं होतं. दर्जा तपासायला बाहेरून पथक येणार होतं आणि पथकांना प्रमाणपत्रं मोजायला आवडतं. हेतू वाईट होता असं कुणी म्हणू नये. रोग्याजवळ शिकलेलं माणूस असावं, यात वाईट काय? फक्त एकोणीस जणी जाणार होत्या आणि त्यांच्या जागी सात येणार होत्या. हे यादीत नव्हतं, मागे टाचलेल्या दुसऱ्या कागदावर होतं. मेट्रनबाईंनी तो कागदही वाचला. सात जणी शिकलेल्या आहेत, भागवतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि सही ठोकली. आपली समजूत आपणच घालायची म्हटली, की ती लवकर पटते.

यादीतलं पहिलं नाव पायथाताईचं होतं. खरं नाव हजेरीपटाखेरीज कुणाला आठवत नसे. वॉर्डात शिरली, की रोग्याच्या तोंडाकडे बघण्याआधी ती खाटेच्या पायथ्याशी जाई, पांघरूण वर सारी आणि दोन्ही तळव्यांना हात लावी. सूज, थंडपणा, टाचेवर धरू लागलेला व्रण, सगळं तिला तिथे कळे. ज्याच्या पायाला प्लास्टर असेल त्याचं पांघरूण ती घोट्याच्या वर दुमडून ठेवी. बोटं उघडी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेसमोर. “तोंड पाहुण्यांसमोर हसतं,” ती म्हणे. “पायाला सोंग जमत नाही.” मेट्रनबाई स्वतः शिकाऊ असताना रोग्याच्या पायाला पहिला हात त्यांनी तिच्याच सांगण्यावरून लावला होता. तेव्हा त्या तिला ‘ताई’ म्हणत. खुर्ची मिळाल्यापासून ‘अहो छोट्या सिस्टर’ म्हणू लागल्या. अकरा वर्षं झाली त्याला.

एकोणीस जणींना तीन महिन्यांची सूचना मिळाली. त्यासोबत मेट्रनबाईंच्या सहीचं पत्र : या काळात सदर कर्मचाऱ्यांनी रोग्यांना हात लावू नये, चादरी-पांघरुणांच्या खोलीत काम करावं. पथक अचानक येऊन बघायचं आणि छोटी सिस्टर अंग पुसताना सापडायची, ही भीती. शिवाय दोन सुधारणा झाल्या. इस्पितळाचं बोधचिन्ह छापलेली नवी पांघरुणं आली आणि ती पायाखाली खोचून, बोधचिन्ह बरोबर मध्यभागी येईल अशी घालावीत, असा नियम निघाला. आणि नोंदी संगणकावर गेल्या. वेळ वाचावा म्हणून प्लास्टरच्या रोग्यांच्या तक्त्यात ‘बोटे गरम, रंग ठीक, हालचाल ठीक’ असं आधीच भरलेलं येई. वेगळं काही असेल तर बदलायचं, नाहीतर ‘मान्य’ दाबायचं. रोगी बरा असल्याची नोंद रोगी यायच्या आधीच तयार! अशी सोय याआधी कुठल्या वैद्याला सुचली नव्हती. तिलाही मेट्रनबाईंची मंजुरी होती.

इस्पितळाच्या बाहेरच्या भिंतीवर त्याच सुमारास एक रंगारी काम करत होता. ‘येथे फक्त नोंदणीकृत परिचारिका सेवा देतात’ असं पुरुषभर उंचीच्या अक्षरांत लिहायचं होतं. ‘येथे फक्त’ एवढं रंगवून झालं, पुढच्या अक्षराची खडूची रेघ ओढत असताना शिडी सरकली आणि तो खाली आला. नडगी दोन ठिकाणी मोडली. रुग्णवाहिकासुद्धा लागली नाही. चाळीस पावलांवर दार होतं.

दुपारी प्लास्टर झालं. रंगारी मुलखाचा भिडस्त. वॉर्डात सव्वीस खाटा आणि सिस्टर एक, तेवीस वर्षांची, हुशार, सकाळपासून पाण्याचा घोट न घेतलेली. संध्याकाळी त्याने तिला जरा ठणकतंय म्हणून सांगितलं. तिने डॉक्टरांनी लिहिलेली गोळी दिली. पुन्हा ठणकलं तेव्हा ती दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्याला सलाइन लावत होती, म्हणून त्याने हाक मारली नाही. पांघरूण पायाखाली खोचलेलं होतं, बोधचिन्ह मध्यभागी होतं. तासातासाला सव्वीस तक्ते यायचे आणि तासातासाला ‘मान्य’ दाबलं जायचं. सकाळी ड्यूटी बदलली, नव्या सिस्टरने विचारलं, तर दुखायचं थांबलंय असं तो म्हणाला. तिला बरं वाटलं.

सातच्या सुमारास पायथाताई धुतलेल्या पांघरुणांचा गठ्ठा घेऊन वॉर्डात आली. रंगारी तिला ओळखत होता. शिडीवर असताना ती त्याला पाणी देऊन जाई. तिने कसं काय म्हणून विचारलं. तो हसून म्हणाला, “झकास. पाय आहे की नाही तेच कळत नाही बघा.”

पायथाताईने गठ्ठा जमिनीवर टाकला. पांघरूण ओढून काढलं. बोटं शाईत बुडवल्यासारखी काळीनिळी आणि हाताला गार. ती सिस्टरकडे वळली. आवाज चढवला नाही. “डॉक्टरांना बोलाव. आत्ता म्हणजे आत्ता.”

डॉक्टर धावत आले, प्लास्टर कापलं, शस्त्रक्रियाही झाली. आत सूज येऊन रक्त कधीच अडलं होतं. तिसऱ्या दिवशी पाय गुडघ्याच्या वर काढावा लागला.

इस्पितळाचे प्रशासक अतिशय सभ्य गृहस्थ होते. कुणाचं वाईट करायचं असलं तरी आधी बसा म्हणायचे. त्यांनी मेट्रनबाईंना बसा म्हटलं आणि टाइप केलेला अहवाल पुढे सरकवला. रोग्यांना हात लावण्यास मनाई असलेल्या एका सहायक कर्मचारी महिलेने परवानगीवाचून प्लास्टरचा पाय हाताळला, त्यामुळे गुंतागुंत वाढली, असा एकूण मजकूर होता.

“पण पाय तर आधीच...” मेट्रनबाई म्हणाल्या.

“बाई, ती नाहीतरी जाणारच आहे. वीस दिवस राहिलेत,” प्रशासक समजुतीने म्हणाले. “त्या पोरींची नोंदणी धोक्यात घालायची का? पुढच्या आठवड्यात पथक येतंय. यात नुकसान कुणाचंच नाही. तुमची सही करा आणि तिचीही घ्या. तुमचं ऐकते ती.”

खरं तर एकीचं नुकसान होतं, आणि ते मेट्रनबाईंना ठाऊक होतं. मागच्या गल्लीतल्या एका लहानशा प्रसूतिगृहाने पायथाताईला ये म्हणून सांगितलं होतं. हा शेरा कागदावर बसला, की ते दार बंद. तेच काय, कुठल्याही दवाखान्याचं. छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर गावभर एवढंच उरणार, की हिने एकाचा पाय घालवला. तरीही मेट्रनबाई अहवाल घेऊन निघाल्या. नको ते काम करायला माणूस निघतो तेव्हा त्याची चाल नेहमीपेक्षा झपाझप असते.

पांघरुणांच्या खोलीत कपाटं छतापर्यंत होती आणि ओल्या साबणाचा वास होता. पायथाताई स्टुलावर बसून घड्या घालत होती. मेट्रनबाईंनी नुसताच कागद पुढे केला. तिने चष्मा लावला, बोट फिरवत अहवाल वाचला, मग परत पहिल्यापासून वाचला.

“हात लावला, हे खरं आहे,” ती म्हणाली. “तेवढं वाक्य ठेवा.”

“अहो, त्या मुलींचा विचार करा. कालच्या पोरी आहेत.”

“त्यांना कुठे काय म्हणतेय मी? औषधातलं त्यांना माझ्या दसपट कळतं. त्या म्हाताऱ्याला चुकीची बाटली लागणार होती परवा, त्यांच्यातल्याच एकीने पकडली. मला नसतं कळलं.” तिने घडी गठ्ठ्यावर ठेवली. “पण तिला हात दोनच, बाई. आधी त्या वॉर्डात आम्ही आठ हात होतो. शिकलेल्या आणा ना, कोण नको म्हणतंय? आमच्याबरोबर आणा. आमच्या जागी कशाला?”

“धोरण वरून आलंय. नोंदणी लागते आता.”

“मग आम्हाला शिकवायचं. मी तीनदा अर्ज केला पुढच्या शिक्षणाचा. दोनदा वॉर्डात माणूस कमी पडतं म्हणून नाही म्हणालात. तिसऱ्यांदा म्हणालात, वय उलटलं.”

तिन्ही अर्जांवरचा नकार मेट्रनबाईंच्याच अक्षरातला होता. त्या कपाटाकडे बघत राहिल्या. कपाटात बोधचिन्हं एकावर एक रचलेली होती.

पायथाताईने चष्मा काढून पदराला पुसला. मग हळू आवाजात तिने अहवालात नसलेली गोष्ट सांगितली. काळीनिळी बोटं दिसली त्याच्या आदल्या संध्याकाळीही ती त्या वॉर्डात गेली होती. रंगाऱ्याच्या खाटेशी दोन मिनिटं उभी होती. तो ओठ दाबून पडला होता. प्लास्टरचा पाय झाकलेला बघून तिला राहवलं नाही, हात पुढे गेला.

“आणि मागे घेतला. तुमचं पत्र आठवलं. आता शेवटी शेवटी कशाला बोल लावून घ्या, म्हटलं. तेव्हा पाय गरम असेल हो, निदान कोमट. वाचला असता.” तिने अहवाल मेट्रनबाईंच्या हातात परत दिला. “त्याची बायको काल भेटली. माझे हात धरून म्हणाली, तुम्ही होतात म्हणून निदान जीव वाचला. मी काय सांगू तिला? गुन्हा घालायचाच असेल तर घाला माझ्यावर. पण हात लावल्याचा नको. न लावल्याचा घाला.”

“ताई!”

अकरा वर्षांनी तो शब्द मेट्रनबाईंच्या तोंडातून निघाला. त्या पांघरुणांच्या गठ्ठ्यावरच बसल्या. हात मागे घेतला होता पायथाताईने, पण तो मागे ओढणारी सही कुणाची होती, हे सांगायला चौकशी समिती लागत नव्हती. यादीवरही तीच सही. पांघरुणाच्या नियमावर तीच. आधीच भरलेल्या तक्त्यावरही तीच. एवढ्या ठिकाणी सही केल्यावर आता एका कागदावर ती नसली तर काय बिघडणार होतं?

त्यांनी अहवाल उलटा केला, मांडीवर घेतला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. चारही गोष्टी लिहिल्या : एकोणीसच्या जागी सात, हात न लावण्याचं पत्र, खोचलेलं पांघरूण, भरलेला तक्ता. प्रत्येकीपुढे ‘माझ्या मंजुरीने’ असं लिहिलं. शेवटी लिहिलं, की पाय कुणामुळे गेला असा प्रश्न असेल तर उत्तर वॉर्डात शोधू नये, ते माझ्या टेबलावर आहे. पायथाताई घड्या घालत होती. मध्ये एकदा तिने विचारलं, उजेड पुरतोय ना.

प्रशासकांनी तो कागद वाचला आणि या वेळी बसा म्हटलं नाही.

पुढे सगळं गोड झालं असतं तर ही गोष्ट सांगायला बरी वाटली असती. मेट्रनबाईंचा पदभार काढून घेतला गेला आणि त्यांना चादरी-पांघरुणांच्या खोलीत बसवण्यात आलं. जागा नुकतीच रिकामी झाली होती. पथक त्याआधीच येऊन, प्रमाणपत्रं मोजून, चहा घेऊन गेलं होतं. पण त्या कागदाची एक नक्कल मेट्रनबाईंनी रंगाऱ्याच्या बायकोच्या हाती दिली होती, आणि तिने तो जिथे दाखवायचा तिथे दाखवला. आठ महिन्यांच्या चौकशीनंतर तक्ते कोरे येऊ लागले, एका सिस्टरकडे किती खाटा याला मर्यादा आली, आणि छोट्या सिस्टरांना परत घेऊन नोकरीत राहूनच पुढचं शिक्षण द्यावं, वयाची अट ठेवू नये, असं ठरलं. एकोणीसपैकी सहा जणी परतल्या. तेरा जणी तोवर कुठे कुठे पांगल्या होत्या, एक तिकिटं फाडत होती, एक दुकानात कापड दाखवत होती, बाकीच्यांचा पत्ता लागला नाही. पायथाताई परतली नाही. कोऱ्या शेऱ्याचा कागद घेऊन ती प्रसूतिगृहात गेली. तिथे आता ती नुकत्याच जन्मलेल्यांचे पाय चाचपते.

रंगारी घरात जमिनीवर बसून गाड्यांच्या पाट्या रंगवतो. शिडीचं काम सुटलं. दोन्ही सिस्टर त्याला भेटून गेल्या, रडल्या. तो भिडस्तच, त्यांनाच धीर देत बसला.

भिंतीवरचं वाक्य पुढे कुणी पूर्ण केलं नाही. ‘येथे फक्त’ एवढंच अजून तिथे आहे, आणि आत जाणारा प्रत्येक जण त्यापुढे आपल्या मनाने काहीतरी जोडतो.

तेव्हा नागरिकहो, माणसाची किंमत नुसत्या कागदावरून करायची आपली सवय आता तरी सोडू या. शिक्षण हवंच, पण जे हात रोज रोग्याच्या अंगाला लागतात त्यांना घालवून नव्हे, त्यांनाच शिकवून ते आणायचं असतं. आणि तुमचं माणूस उद्या इस्पितळात असलं, तर पाटीवर काय लिहिलंय ते वाचत उभे राहू नका. सरळ आत जा, खाटेच्या पायथ्याशी उभे राहा आणि पांघरूण वर करून पायाला हात लावा. कुणी मनाई केली, तर त्याला विचारा, हे बघायला तुमच्याकडे कोण आहे. उत्तर मिळेपर्यंत हात मागे घेऊ नका.