उतरणारा रंग

एका शिंप्याच्या दुकानाचे दार आणि ते दार म्हातारे करणारा त्याचाच धाकटा भाऊ, या दोघांची हकिकत पुढे सादर करीत आहे. सहृदय वाचकांनी ती शांत चित्ताने वाचावी, एवढीच नम्र विनंती.

रंगाऱ्याने दाराच्या चौकटीवरून बोट फिरवले आणि मागे वळून पाहिले. नव्या चित्रपट कंपनीच्या कलादिग्दर्शिका बाई गल्लीच्या मध्यावर उभ्या राहून, डोळे बारीक करून समोरचे दुकान न्याहाळत होत्या. पोपडे धरलेला हिरवा रंग, खिळ्यांखालून ओघळलेला गंज, उन्हाने तडकल्यासारख्या दिसणाऱ्या फळ्या, आणि वर ‘शिंपी’ अशी अर्धी पुसली गेलेली पाटी.

“किती वर्षं बंद आहे हे?” त्यांनी विचारले.

“बंद नाही, मॅडम. चालू आहे.”

“काय सांगता! आणि ही भेग?”

“रंगवलेली आहे. हात लावून बघा.”

बाईंनी हात लावला. भेगेत बोट शिरले नाही, सपाट फळीवरून घसरत गेले. त्या लहान मुलीसारख्या हसल्या. रंगाऱ्याला नेहमी या हसण्याचा मोठा आनंद होई. आज मात्र त्याचे लक्ष त्या लोटलेल्या दाराच्या फटीकडे होते.

आदल्या वर्षी राज्यात एक कायदा झाला होता. जो कोणी राज्यात चित्रपट बनवील आणि इथल्याच माणसांच्या हाताला काम देईल, त्याला करात सवलत मिळणार होती. तोवर या गावाकडे कॅमेरा फिरकलाही नव्हता. कायदा झाला आणि पहिलीच चित्रपट कंपनी या गल्लीत येऊन उतरली. तिला हवी होती ओसाड गल्ली. गल्ली तर चांगली नांदती होती. म्हणून तिला ओसाड करण्यासाठी इथलाच रंगारी शोधण्यात आला.

रंग पाण्यात कालवलेला आणि साबणाच्या फवाऱ्याने उतरणारा असावा, अशी त्याला सक्त ताकीद होती. त्याने इतर सर्व दारे तशीच रंगवली. परंतु भावाच्या दारावर कॅमेरा अगदी जवळ येणार होता. पहिल्याच दिवशी पावसाचे चार शिंतोडे पडले आणि मोठ्या कष्टाने साधलेला गंज त्याच्या डोळ्यांदेखत वाहून गेला. त्याचा जीव कळवळला. कोणालाही न सांगता त्याने त्या एका दाराच्या रंगात अळशीचे तेल आणि वॉर्निश मिसळले. पुढे चित्रीकरण संपले, फवारे फिरले आणि गल्ली पुन्हा तरुण झाली. शिंप्याचे दार तेवढे म्हातारे राहिले.

“जरा चिवट आहे, दादा. ऊन लागलं की आपोआप निघेल,” असे तो तेव्हा म्हणाला होता.

ऊन लागले. दार तसेच राहिले. नवा रंग देणे त्याला मुळीच अवघड नव्हते. परंतु दुसऱ्या कंपनीचा माणूस काम पाहायला आला, तेव्हा दाखवण्याजोगे त्याच्याजवळ ते एकच दार उरले होते. ते दाखवले आणि काम मिळाले. मग तिसरी कंपनी आली. एवढे एक काम पदरात पडू दे, मग खरवडून टाकू, असे तो दर वेळी मनाशी ठरवी.

रस्त्याच्या धुळीने कापड मळते, म्हणून शिंपी दार नेहमी लोटून ठेवी. पूर्वी ते टवटवीत हिरवे दारच गिऱ्हाइकाला आत बोलावी. आता नवखा माणूस हातात कापड घेऊन पायरीपर्यंत येई, पाटीकडे पाही आणि चौकातल्या दुसऱ्या शिंप्याकडे वळे. रंगाऱ्याने हे स्वतः एकदा पाहिले होते. त्या दिवशी भावाला न भेटताच तो मान खाली घालून माघारी फिरला होता.

दार करकरले. गळ्यात टेप अडकवलेला शिंपी बाहेर आला आणि ओठांत धरलेल्या टाचण्या काढत म्हणाला,

“रंग्या, पाहुण्यांना उन्हात उभं करतोस होय रे? काही रीतभात आहे की नाही?”

“नमस्कार,” बाई म्हणाल्या. “तुमचं दुकान फारच सुंदर... म्हणजे, फारच वाईट दिसतंय.”

“ऐकायची सवय झालीय आता. परवा एका बाईंनी कडी वाजवून विचारलं, इथले शिंपी वारले का हो? मी आतूनच ओरडलो, वारलो तरी कोट शनिवारीच मिळेल!”

बाई खळखळून हसल्या. रंगाराही हसला, पण त्याचा अंगठा दुसऱ्या हाताच्या नखात वाळलेला रंग उकरीत राहिला.

“एकच विचारायचं राहिलं,” बाई त्याच्याकडे वळल्या. “हे साबणाच्या पाण्यानं उतरतं ना? जागा होती तशी परत द्यावी लागते, आणि यंदापासून ते तपासलंही जातं. एक दार जरी तसंच राहिलं, तर आमची सवलत गेलीच म्हणून समजा. अख्खा बाजार घेतोय आम्ही. मुख्य रंगारी म्हणून तुम्हालाच घ्यावं, असं मनात आहे माझ्या.”

रंगाऱ्याने तोंड उघडले. भावाच्या तोंडाकडे पाहण्याचे धैर्य त्याला झाले नाही. तो त्याच्या गळ्यातल्या टेपवरचे आकडे पाहत राहिला.

“उतरतं हो,” शिंपीच म्हणाला. “मीच उतरवू देत नाही. धाकट्याच्या हातचं आहे. लोक लांबून बघायला येतात.”

“खरंच?” बाईंनी रंगाऱ्याला विचारले.

“बाकी गल्लीची सगळी दारं तासाभरात धुऊन निघाली होती, मॅडम,” तो म्हणाला. यातला शब्द न् शब्द खरा होता.

“मग सोमवारी या,” असे म्हणून बाई निघून गेल्या.

“मुख्य रंगारी!” शिंप्याने भावाच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. “आता आमच्याशी बोलशील ना रे? थांब, तुझ्या वहिनीला चहा टाकायला सांगतो.”

“दादा, तो रंग...”

“आधी चहा,” असे म्हणून तो आत गेला आणि दार त्याने सवयीने लोटून घेतले.

रंगारी पायरीवर बसला. दाराचा खालचा कोपरा आता त्याच्या डोळ्यांसमोर होता. तिथे तळहाताएवढा एक भाग त्याला वेगळा वाटला. पोपड्यांच्या कडा चुकल्या होत्या. गंज खिळ्याखाली ओघळण्याऐवजी आडवा गेला होता. असली चूक त्याच्या हातून कधी झाली नसती. त्याने वाकून पाहिले. खडूची पूड, रस्त्याची धूळ आणि चहाचे पाणी कालवून ते चिंधीने थोपटलेले होते. खडू शिंप्याचा होता.

त्याने बोट ओले करून तिथे घासले. तो रंग लगेच उतरला.

खाली लाकूड घासून घासून पांढरे पडले होते. त्यावर आधी ब्रशचे आणि मग कात्रीच्या पात्याचे ओरखडे होते. कोणीतरी बरेच दिवस झटले होते, मग हरले होते, आणि मग ते कोणाला दिसू नये म्हणून झाकून ठेवले होते.

“रंग्या, चहा निवतोय रे!” आतून हाक आली.

“आलो, दादा.”

तो उठला नाही. उतरलेला रंग पुन्हा थोपटून ठेवावा, म्हणून त्याचा हात पायरीवरच्या धुळीकडे गेला आणि तिथेच थांबला. आत शिवणयंत्र सुरू झाले. त्याने पिशवीतून खरवडायचा पत्रा काढला, आणि भावाने थोपटलेला भाग जिथे संपला होता तिथे, आपल्या स्वतःच्या रंगाच्या कडेखाली, त्याचे टोक घालून जोर दिला.

पत्र्याचा आवाज झाला तसे यंत्र थांबले. मग ते पुन्हा चालू लागले.

ही कथा येथे पूर्ण झाली. आपला बहुमोल वेळ खर्च करून ती वाचल्याबद्दल सर्व वाचकांचा मी अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
समोरच्या दुकानातला घड्याळजी