कोर्टाने काढून दिलेली सायकल

मी एक जुनी सायकल आहे. माझे मालक शाळेची बस चालवतात. लग्नानंतर ते मालकीणबाईंना माझ्या कॅरियरवर बसवून गावभर फिरायचे. लोक वळून बघायचे, आणि मला वाटायचं, माझ्याकडेच बघताहेत! पुढे घरात गाडी आली. मी मागच्या भिंतीला टेकले ती टेकलेच. माझ्या हँडलवर फरशी पुसायची फडकी वाळू लागली.

एके सकाळी मालकांनी मला बाहेर काढलं, चेनला तेल घातलं, घंटी घासूनपुसून लख्ख केली. मित्रांनो, माझा आनंद गगनात मावेना.

शेजारच्या आजींनी विचारलं, "काय रे, आज सायकल?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, आजी. व्यायाम हवा."

"कोर्टाने सांगितलंय म्हणा की!" आतून मालकीणबाई कडाडल्या.

मी गोंधळले. कोर्ट म्हणजे डॉक्टरांहून मोठे डॉक्टर असावेत, अशी मी समजूत करून घेतली. हळूहळू घरातल्या बोलण्यातून उलगडा झाला. मालक दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेले होते. दंड झाला आणि लायसन काही महिन्यांसाठी काढून घेतलं गेलं. तोवर मालकांनी बस फक्त धुवायची. पुन्हा सापडले तर तुरुंग, आणि शाळेची नोकरी कायमची गेली. म्हणजे मला मायेने नव्हे, शिक्षा म्हणून बाहेर काढलं होतं तर! मग ते रोज माझी घंटी का पुसत? मला काही उमजेना.

एका दुपारी मालकांच्या सोबत्याचं निरोपाचं जेवण होतं. मालक बाहेर आले ते झुलतच.

"बस की बिनधास्त," सोबती म्हणाला. "सायकलला कुठं लायसन लागतं?"

"नाहीच लागत!" मालक हसले आणि माझ्यावर बसले.

खरंच लागत नाही. पण मग माझं हँडल असं का भरकटत होतं? उतारावर आजी भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. माझे ब्रेक चांगले होते हो, पण ते दाबणारी बोटं ताळ्यावर नव्हती. माझं चाक पिशवीला घासून गेलं आणि आम्ही खांबावर आदळलो. आजी मटकन खाली बसल्या. टोमॅटो रस्ताभर घरंगळले.

"हेही डॉक्टरांनीच सांगितलं होतं का रे?" त्या म्हणाल्या.

मालक खाली वाकून टोमॅटो गोळा करू लागले.

पुढे मुदत संपली आणि लायसन परत मिळालं. त्याच संध्याकाळी सोबत्यांचं बोलावणं आलं. मालकांनी गाडीची किल्ली मालकीणबाईंच्या हातात दिली. मग ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता निघायचं! त्यांनी मला कुलूप लावलं आणि तीही किल्ली त्यांना देऊन टाकली.

"प्यायचं नाही असं ठरवलंय," ते खाली मान घालून म्हणाले. "पण माझा मलाच भरवसा नाही."

"मग चालत जा," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि जेवायला घरी या."

ते चालत गेले. मला नेलं नाही याचं वाईट वाटावं की बरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण मित्रांनो, एक कळलं. प्यायलेला माणूस येऊन बसला तर आम्हा चाकांना 'उतर' म्हणता येत नाही. ते तुम्ही म्हणा.