पेशींचा स्वतःचा उजेड

पौर्णिमा अमरावतीत राजापेठेला खोली करून राहत होती आणि बकऱ्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर पीएचडी करत होती. नवरा संघपाल अकोल्याजवळच्या एका गावी जनावरांचा डॉक्टर. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. दर रविवारी तो तिथल्या बकऱ्यांच्या रक्तातून पेशी वेगळ्या करायचा आणि बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटीनं यायचा. पेशी वेगळ्या कशा करायच्या, हे तिनंच त्याला शिकवलं होतं.

त्या पेशींना चमकणारा रंग लावायचा आणि फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रात एकेक करून लेझरसमोरून सोडायच्या. जिला रंग चिकटला ती चमकते, बाकीच्या अंधारात राहतात. पण पौर्णिमाच्या झाडून सगळ्या पेशी चमकायला लागल्या. तिनं रंगाला दोष दिला. मग तिच्या गाइड मॅडम म्हणाल्या, एक नळी रंग न लावता चालवून बघ. तीही चमकली. म्हणजे उजेड पेशींचा स्वतःचाच होता.

गुलाबी रंगानं भर पडत असेल म्हणून तिनं पेशी धुवायचं गुलाबी द्रावण सोडून बिनरंगाचं घेतलं. पेशींचा स्वतःचा उजेड जिथे मंद पडतो, अशा गडद लाल चमकेचा रंग मागवला. थोडा फरक पडला, पण समाधान होईना. शेवटी तिनं शेजारच्या केशरबाईंच्या बकरीचं रक्त घेऊन सगळं तसंच करून पाहिलं. त्या पेशी मात्र शहाण्यासारख्या अंधारात बसल्या. खोट अकोल्याहून येणाऱ्या डब्यात होती.

आता हे त्याला सांगायचं कसं? सुटीच्या दिवशी झोपमोड करून बिचारा एवढ्या लांब येतो. रविवारी त्याच्यापुढे चहा ठेवत तिनं हळूच विचारलं, पेशींत आणखी काही घालता का.

संघपालनं कप खाली ठेवला. "दोन थेंब फॉर्मलिन टाकतो ना. मले वाटलं, रस्त्यानं खराब होऊन जाईन, तुही मेहनत वाया जाईन."

तिला हसू आलं. फॉर्मलिननं पेशी टिकतात खऱ्या, पण त्यानंच त्यांचा उजेड वाढतो, हे तिनं त्याला समजावलं. तो ओशाळला.

"मंग पयलेच काहून नाई सांगतलं?"

"मले कुठं मालूम होतं, तुमी टाकून राहिले म्हणून."

पुढच्या शनिवारी तीच त्याच्या गावी गेली. रविवारी उजाडताच दोघांनी मिळून बकऱ्यांचं रक्त काढलं, पेशी वेगळ्या केल्या, बर्फात ठेवल्या आणि मिळेल त्या गाडीनं अमरावती गाठली. रंग न लावलेली नळी जवळजवळ अंधारी निघाली. जिवंत पेशीत थोडा उजेड असतोच, तेवढा राहिला. पण रंगवलेल्या पेशी आता पडद्यावर साफ वेगळ्या दिसत होत्या.

संघपाल आजवर डबा देऊन खोलीवरूनच परत फिरायचा. यंत्र तो पहिल्यांदाच पाहत होता आणि पडद्यासमोरून हलायला तयार नव्हता. यात आपल्या बकऱ्या कुठं आहेत, असं त्यानं विचारलं, तेव्हा पौर्णिमानं त्याचं बोट धरून ठिपक्यांच्या एका पुंजक्यावर टेकवलं. मग त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि सोमवारी सकाळी दवाखाना सांभाळशील का, म्हणून सोबतच्या डॉक्टरला विचारलं.