‘जागा स्वीकारा’

“आलं का, बाई?” पोचूभाऊंनी दारातून विचारलं.

“येऊन राह्यलं, भाऊ. वरचं आलं, खालचं येत नाई,” नूतन म्हणाली.

तिने माऊसचं चाक पुन्हा फिरवलं. प्रवेशाच्या साइटचं पान जागचं हललं नाही. मग एकदम उड्या मारत तळाशी गेलं, तिथे पांढरंफटक पडलं आणि परत वर येऊन अडकलं. वर फोटोंची पट्टी अडखळत सरकत होती. कोपऱ्यात एक हसरा चेहरा ‘मी आपली काय मदत करू?’ असं विचारत उघडझाप करत होता. त्याच्यावर क्लिक केलं की तोही गोठायचा.

धानोऱ्याच्या बसस्टँडसमोर नूतनचं ऑनलाइन कामांचं दुकान होतं. नवरा वारल्यावर शिवणयंत्र विकून तिने हा कॉम्प्युटर घेतला होता. जातीचे दाखले, भरतीचे अर्ज, सगळं ती करी. नूतनबाईच्या हाताले यश हाय, असं आसपासच्या गावांत बोललं जाई. पोचूभाऊंच्या लेकीचा, दिव्यानीचा नर्सिंगचा अर्जही तिनेच भरला होता. शेवटच्या फेरीची यादी काल लागली आणि गडचिरोलीच्या एका कॉलेजात दिव्यानीला जागा मिळाली. आज संध्याकाळी पाचच्या आत फक्त ‘जागा स्वीकारा’ हे बटण दाबायचं होतं. नाही दाबलं तर जागा पुढच्या मुलीला.

एरवी काम अडलं की लाइटला नाहीतर टॉवरला शिव्या घालून मोकळं होता येई. आज दोन्ही होते. पंखा गरगरत होता. पानच इतकं जड झालं होतं की जुन्या कॉम्प्युटरला ते ओढवत नव्हतं.

शेजारी उभ्या दिव्यानीने ते पान मोबाइलवर उघडून पाहिलं. तिथे बटण दिसायचं, पण बोट टेकवेपर्यंत वरची पट्टी हलायची आणि बोट भलतीकडेच पडायचं.

नूतनने गडचिरोलीला रोशनला फोन लावला. त्याचंही असंच दुकान होतं.

“ताई, माह्या इथीबी तेच चालू हाय,” तो म्हणाला. “साइट नवीन केली ना. चमकते लय, पन चालत नाई.”

पोचूभाऊ आत आले. “बाई, मी गडचिरोलीले जातो ना. त्या सायबायच्या पाया पडतो.”

“तिथी कोनी काई करत नाई, भाऊ. सारं याच्यातच हाय.”

वाचता न येणारे पोचूभाऊ कॉम्प्युटरकडे पाहत राहिले. ज्याला सांगता येईल असं माणूस त्यांना त्यात कुठेच दिसेना.

‘पान प्रतिसाद देत नाही. थांबायचं की बंद करायचं?’ पडद्यावर चौकट आली. नूतनने ‘थांबा’ दाबलं. पुन्हा तीच चौकट आली. पुन्हा ‘थांबा’. दिव्यानी तिच्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती.

शेवटी पान एकदाचं खाली सरकलं. बटण आलं, हिरवंगार. नूतनने दाबलं. पडद्यावर छोटा गोल फिरू लागला. फिरतच राहिला. भिंतीवरच्या घड्याळाकडे कोणी पाहिलं नाही.

मग बटण राखाडी झालं. खाली बारीक अक्षरांत आलं, ‘मुदत संपली आहे.’

आणि त्यानंतर पान अगदी झुळझुळ चालायला लागलं. वरच्या पट्टीत पांढऱ्या गणवेशातल्या मुली एकामागून एक हसत येऊ लागल्या.

पोचूभाऊंचा चेहरा उजळला. “पोरी दिसून राह्यल्या! झालं ना, बाई?”

जागा गेली हे मी काऊन नाई सांगू शकत, एवढंच नूतनच्या डोक्यात घुमत राहिलं.

दिव्यानीने खुर्ची सोडली. ओढणी सारखी केली.

“झालं, बा,” ती म्हणाली. “चाल. बस निंगून जाईन.”

नूतनकडे न पाहता ती पायरी उतरली.

पोचूभाऊ दारात थबकले. मागे वळून त्यांनी नूतनला हात जोडले. मग जरा वाकून कॉम्प्युटरलाही जोडले, आणि लेकीच्या मागे भरभर चालू लागले.