ब्लासच्या डब्यातलं तेल

रोज सकाळी हाच तमाशा. ब्लास म्हाताऱ्याने पावाचं टोक कापून घेतलं, बोटांनी मधला गर उकरला, त्या खड्ड्यात तेल काठोकाठ ओतलं आणि वर गराचंच बूच दाबून बसवलं. पहिला घास घेतला तसं तेल हनुवटीवरून ओघळलं. ते मनगटाने पुसत तो म्हणाला, "याला म्हणायचं तेल! पिकून काळ्या झालेल्या फळांचं. तुझ्या त्या हिरव्या गोट्यांचं नव्हे."

त्याची लेक तीस्कार शेगडीपाशी उभी होती. तिने खारवलेल्या माशाची परात अशी आपटली की मांजर बाहेर पळालं. तळपायाची आग मस्तकात जाणार नाही तर काय होणार? म्हातारा जे चोखून चोखून खात होता ते तिचंच तेल होतं. तिच्याच हिरव्या गोट्यांचं! आईकडून वाट्याला आलेली ओढ्याकाठची एवढीशी बाग. तिथलं ऑलिव्ह ती ऑक्टोबरात कच्चं असतानाच उतरवायची आणि त्याच दिवशी घाण्यावर न्यायची. तेल थोडं निघायचं, पण असं निघायचं की घशाशी ठसका लागावा.

बापाची रीत निराळी. डोंगरउतारावरची मोठी बाग त्याची, आणि तिथे फळं झोडायला झाडाला काठी लागायची ती डिसेंबरात, मारियामातेचा सण झाल्यावरच. त्याच्या बापाने तसं केलं, आजाने तसं केलं. फळं उतरवली की अंगणात ढीग घालून ठेवायची. "विसावा मिळाला की फळ तेल सोडतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. विसावा कसला डोंबलाचा! ढीग आतून तापायचा, आंबायचा, खालून काळं पाणी सुटायचं. घाण्यावरचे लोक ते तेल दिव्यात जाळायच्या लायकीचं म्हणून वेगळ्या टाकीत सोडायचे आणि म्हातारा त्यांना चोर म्हणायचा. घरापुरता डबा मात्र तो हट्टाने वेगळा गाळून आणायचा.

आई गेली आणि स्वयंपाक तीस्कारच्या गळ्यात पडला. त्या तेलात कांदा टाकला की घरभर ओल्या गोणपाटाचा वास. शेवटी तिने गुपचूप त्याच्या डब्यात आपलं थोडं तेल मिसळलं. पुढच्या वर्षी निम्मं, मग सगळंच. मोतीबिंदूमुळे म्हाताऱ्याला रंग कळत नव्हता, आणि चव पालटली म्हणायच्या ऐवजी तो म्हणू लागला, "यंदा माझं तेल झकास उतरलंय." तेव्हा तिला हसू यायचं. आता येत नव्हतं. गावच्या बारमध्ये तो आपली छोटी बाटली घेऊन जायचा, चार टाळक्यांच्या पावावर ओतायचा, आणि ते माना डोलवत म्हणायचे, ब्लासचं तेल ते ब्लासचं तेल! पहाटेच्या थंडीत झाडांखाली अंथरलेल्या, दवाने भिजलेल्या जाळ्या ओढायच्या हिने, आणि मिशीला पीळ भरायचा त्याने.

"रुफोला बोलावलंय उद्या," बोटं चाटत म्हाताऱ्याने जाहीर केलं. "मोठी बाग त्याला कसायला देतोय. माझ्याच्याने आता होत नाही. सणाच्या आधी झाडाला हात लावणार नाही, असा शब्द देतोय तो."

रुफो तिचा चुलतभाऊ. एक नंबरचा आळशी. ढीग घालून बसायला त्याला आवडायचं, कारण ढिगाला घाई नसते.

"आणि मी मेले का?" तीस्कार म्हणाली. "तुमची पोटची पोर मी. सोमवारपासून मोठी बाग उतरवायची म्हणून माणसं सांगून ठेवलीत मी!"

"ऑक्टोबरात? अर्धं तेल झाडावर सोडून? सातव्या महिन्यात पोर ओढून काढण्यातला प्रकार तुझा. नाव काढू नकोस." तो उठला, टोपी घातली. "आणि आज तुझ्या त्या तेल चाखायला येणाऱ्या पाहुण्यांत मीही बसणार आहे. निळ्या पेल्यांतून काय थोतांड चालतं ते बघतोच."

नेमकं हेच तिला नको होतं. कारण होतं तसं. बसने येणाऱ्या पाहुण्यांना चांगलं तेल ओळखायला शिकवायचं तर वाईटही चाखवावं लागतं. वाईट तेल आणायचं कुठून? बापाच्या डब्यातून काढून ठेवलेलं घरात पडून होतं ते. दर खेपेला बिननावाच्या बाटलीतून ती बापाचंच तेल पाहुण्यांना पाजायची आणि म्हणायची, बघा, हे असं नसावं.

दुपारी बिल्बाओ शहरातून आलेली मंडळी द्राक्षवेलीच्या मांडवाखाली येऊन बसली. पाव, संत्र्याच्या फोडींत कालवलेला खारा मासा, बारीक चिरलेली टोमॅटो-मिरचीची कोशिंबीर. टेबलाच्या टोकाला म्हातारा, टोपी न काढता, फौजदारासारखा. इदोया नावाची एक बाई बसल्या बसल्याच म्हणाली, "जरा सौम्य तेल नाही का हो? आमच्याकडच्या दुकानात मिळतं ते कसं, लोण्यासारखं लागतं."

"मग लोणीच खा की बाई," असं तीस्कारच्या ओठांवर आलं होतं. ती हसली आणि पेले भरू लागली. निळी काच अशासाठी की रंग बघून कुणी भुलू नये. "पेला तळहातात धरून ऊब द्या. वरून दुसऱ्या हाताने झाका. वास घ्या, मग घोट, आणि दातांतून हवा आत ओढा."

म्हाताऱ्याने यातलं काही केलं नाही. सरळ तोंडाला लावला आणि गिळला. दुसऱ्या क्षणी त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं आणि चेहरा दिव्यासारखा उजळला.

"हे माझं आहे!" तो टेबलावर थाप मारून ओरडला. "टोमॅटोचा पाला चुरगळल्यासारखा वास, मग कडू, मग घशात चटका! रोज सकाळी खातो मी हे, मला कोण शिकवणार? सणानंतर उतरवलेली काळी फळं, बरं का मंडळी, अंगणात नीट ढीग घालून मुरवलेली. आमच्या पोरीला सांगून सांगून थकलो. तिला घाई!"

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. इदोयाबाईंनी तर त्याच्याबरोबर फोटोही काढून घेतला. तीस्कार पाव कापत होती. सुरी पावातून खालच्या फळीत रुतली. तिचं तेल, तिच्याच मांडवात, तिच्याच तोंडावर, आणि वर तिलाच अक्कल शिकवून!

"आता कोशिंबीर घ्या," ती म्हणाली. "आज एवढंच."

"अहो, असं कसं?" इदोया म्हणाली. "दुसरा पेला वाईट तेलाचा असतो ना? माझी बहीण येऊन गेली होती. म्हणाली, खरी गंमत त्याच्यातच आहे."

"ते आज नाही."

"का नाही?" म्हातारा गरजला. "लपवायचंय काय? आण. आणि मलाही ओत, लोकांच्या पुढ्यात मला वगळायचं नाही."

तिने बिननावाची बाटली आणली.  सगळ्यांना ओतलं, बापालाही ओतलं.

त्याने घोट घेतला आणि मागच्या कुंडीत थुंकला. "थू! अरे, हे तेल आहे की डुकरांच्या डोणीतलं पाणी? शिळं व्हिनेगर, कुजकी गोणी... कुणी केलं हे? या माणसाच्या हातातून काठी काढून घ्या! याला झाडाच्या सावलीतसुद्धा उभं करू नका! कोण आहे हा? आपल्या गावचा आहे? नाव सांग त्याचं!"

"हो, नाव सांगाच," इदोया म्हणाली. "म्हणजे आम्ही घेणार नाही."

"सांग ना! घाबरतेस कुणाला?"

इतकी वर्षं ती गप्प बसली होती ती कुणासाठी? ज्याच्यासाठी बसली तोच समोर टेबल बडवत होता, आणि उद्या बाग रुफोच्या घशात घालणार होता.

"ब्लास त्याचं नाव," ती म्हणाली. "बाबा, हे तुमचं आहे, तुमच्या ढिगातलं. पहिला पेला माझा होता. रोज सकाळी पावात ओतून खाता तेही माझं, बारमध्ये मिरवता तेही माझंच. कच्च्या हिरव्या फळांचं!"

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. म्हाताऱ्याने तो दुसरा पेला पुन्हा उचलला. या खेपेला तळहातात धरला, वरून दुसरा हात ठेवला. मग नाकाशी नेला. उरलेलं सगळं न थुंकता गिळून टाकलं.

"कधीपासून?"

"आई गेल्यापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस."

तो उठला आणि काठी टेकत घरात गेला. तीस्कारला वाटलं, त्याच्या मागे तो पेला फेकून मारावा. म्हणजे पुन्हा गुन्हेगार कोण, तर तीच! "खा हो तुम्ही," ती पाहुण्यांवर खेकसली, आणि ते बिचारे मुकाट्याने खाऊ लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याने पाव उकरला आणि बिननावाची बाटली पुढे ओढली.

"काय करताय? पोट बिघडेल."

"बिघडू दे. माझं तेल आहे, मी खाणार." एकेक घास गिळताना त्याच्या कपाळाच्या शिरा उभ्या राहत होत्या, पण त्याने शेवटचं बूचसुद्धा सोडलं नाही. तिने लक्षच दिलं नाही. मर म्हणावं हट्टाने.

तेवढ्यात रुफो आला, केस चापून बसवलेले, नवा शर्ट. "काका, मग बागेचं पक्कं ना?"

"बस. आधी खा." म्हाताऱ्याने दुसरं टोक उकरलं, त्यात तीच बाटली उपडी केली आणि त्याच्यापुढे सरकवलं.

रुफोने चावा घेतला. त्याचे डोळे विस्फारले, घास गालातच थांबला. तीस्कार शेगडीकडे पाठ करून बघत राहिली. त्याने तो कसाबसा खाली ढकलला आणि म्हणाला, "वा काका! काय तेल आहे! तुमच्या हाताची सर कुणाला नाही!"

"आवडलं?"

"अमृत, काका!"

"ऊठ," म्हातारा म्हणाला. "ऊठ माझ्या टेबलावरून! तोंडात कुजकी गोणी धरून मला अमृत सांगतोस? माझ्या घरात एक लबाड आधीच आहे, दुसरा नकोय. चालता हो!" आणि त्याने खरोखरच काठी उगारली. रुफो पाव हातात घेऊनच पळाला.

दुपारी बेकरीवाली फुएन्सांता पाव द्यायला आली ती धापा टाकत. "अगं, तुझे बाबा बारमध्ये केवढ्याने ओरडतायत! म्हणे, पोरीने मला इतकी वर्षं फसवलं. म्हणे, तुम्ही गाढवांनो ज्याच्यावर माना डोलवत होतात ते माझं नव्हतंच, ओढ्याकाठच्या बागेतलं होतं, ऑक्टोबरातलं. एकेकाला हाताला धरून सांगतायत. पाद्रीबाबांनासुद्धा सोडलं नाही."

"तक्रार करतायत माझी!" तीस्कार भडकली. "गावभर!"

"हो ना," फुएन्सांता म्हणाली. "आणि आता जो तो विचारतोय, तुझं तेल कुठे मिळेल."

 पाव तीस्कारच्या हातातच राहिले.

रविवारी सकाळी म्हातारा जेवणघरात आला तो थोडा वाकून. पोट अखेर बिघडलंच होतं. पाव कापला, गर उकरला. बिननावाच्या बाटलीला हात लावला नाही. रिकामा खड्डा तिच्यापुढे धरला.

"ओत."

"कुठलं?"

"कुठलं म्हणजे? रोज घालायचीस ते." तो भिंतीकडे बघत होता. "उद्या पहाटे जाळ्या मोठ्या बागेत घेऊन ये. वरच्या बांधापासून सुरुवात करायची, तिथलं फळ लवकर पडतं. आणि माणसं वेळेवर आण, मला ऊन चालत नाही. पण एक ध्यानात ठेव, माझा राग गेलेला नाही."

"माझाही," तीस्कार म्हणाली, आणि काठोकाठ ओतलं.