काळी पडलेली अंगठी

"चांदी बोलते गं पोरी. सोनं शेवटपर्यंत तोंड मिटून बसतं," असं ओमोनिम म्हणाल्या होत्या, आणि रानहीने ते हसण्यावारी नेलं होतं.

ओमोनिम म्हणजे तिच्या सासूबाई. रानहीच्या लेकीच्या, हारानच्या, पहिल्या वाढदिवसाची अंगठी घडवायला दोघी कोळशाच्या खाणींच्या तेबेक गावच्या बाजारात ग्वोन सोनाराकडे गेल्या होत्या. शुद्ध सोनं मऊ, लेक चावून वाकडं करील. अठरा कॅरेटमध्ये तांबं किती, चांदी किती? निकेल तर नाही ना? रानहीने सोनाराला भंडावून सोडलं. अखेर तांबं कमी, चांदी जास्त असं फिकट सोनं ठरलं.

ओमोनिमना मात्र चांदीच हवी होती. चांदी काळवंडली की अंगात दुखणं शिरलंय असं समजायचं, ही त्यांची जुनी समजूत. त्याच घडणीची त्यांची अंगठी झाली, चांदीची. शिकलेल्या सुनेची लेक सोनं घालेल, आम्हा अडाण्यांना चांदी पुरे, असा टोमणा मारतच त्यांनी ती बोटात घातली.

हिवाळा सरता सरता अंगठी काळीठिक्कर पडली. रविवारी रानही भेटायला गेली तेव्हा त्यांनी ती काढून तिच्या हातावर ठेवली. हल्ली डोकं जड असतं, सकाळी उठवत नाही, असंही म्हणाल्या. डोक्याचं रानहीने वयावर ढकललं. राग आला तो अंगठीचा. सोनाराने भेसळ केली होती.

दुसऱ्या दिवशी हारानला पाठीशी बांधून ती भांडायलाच गेली. ग्वोनने अंगठी कसोटीवर घासली, वर तेजाबाचा थेंब टाकला.

"चांदी ठरली तशीच आहे, हारानची आई. अशी ती गंधकाने काळी पडते. आजी गंधकाच्या झऱ्यावर जाऊन बसतात की काय?"

"कुठल्या झऱ्यावर? गुडघ्यांपायी त्या खोलीबाहेरसुद्धा..."

 ओमोनिमच्या खोलीची जमीन अजून खालून, कोळशाच्या विटांच्या धुरानेच तापायची. कोळशात गंधक असतं, हे ती कॉलेजात शिकली होती. म्हणजे जमिनीखालचा धूर फटींतून खोलीत येत होता. त्याच्याबरोबर जो विषारी वायू येतो, त्याला ना रंग ना वास.

ओमोनिमचा फोन वाजत राहिला. तिने त्यांच्या शेजारच्या ओक्सुन मावशींना लावला. त्या धावत गेल्या.

"आतून कडी आहे गं. झोपली असेल."

"तोडा," रानही म्हणाली. तो आवाज आपलाच आहे हे तिला कळलंही नाही.

ओमोनिम वाचल्या. हॉस्पिटलात रानही समोर बसली तेव्हा त्यांनी अंग सावरून अदबीने मान लववली.

"माफ करा, तुम्ही कुणाकडच्या?"

रानहीने काळी अंगठी त्यांच्या बोटात सरकवली. ग्वोन उजळून देतो म्हणाला होता, तिने दिली नव्हती. ओमोनिम ती बोटाभोवती फिरवत राहिल्या. हारानने सोन्याची अंगठी घातलेला हात पुढे केला, तो त्यांनी ओंजळीत धरला. कुणाची पोर, ते विचारलं नाही.

रानही आता भेटेल त्याला विनवते, तुम्हालाही तिचं तेवढंच मागणं आहे. कोळशाच्या उबेला एकटं राहणारं आणि हल्ली डोकं जड असतं म्हणणारं तुमचं कुणी असेल, तर आज जाऊन या. फोनवर विचारू नका. फोनवर ती माणसं सगळं बरं आहे म्हणतात.